शिंगं कुणी लावली?

ताईचा मेसेज रविवारी रात्री आला. "पुढच्या शनिवारी वाढदिवस. थीम व्हायकिंग आणि ड्रॅगन. मुलं चौदा. टोप, ढाली, जहाज आणि ड्रॅगन तू कर. इंजिनीअर आहेस ना?"

मी इंजिनीअर आहे, पण सॉफ्टवेअरचा. हाताने केलेली शेवटची वस्तू म्हणजे फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमधला फिटिंगचा जॉब. तोही अर्धा मित्राने घासून दिला होता. सध्या मी कोपनहेगनमध्ये नोकरी करतो. ताई, दाजी आणि भाची तिथून ट्रेनने पंचवीसेक मिनिटांवर, रोस्किल्डला राहतात. डेन्मार्कमध्ये मुलांच्या वाढदिवसाला अर्धा वर्ग तरी बोलवायची पद्धत आहे, आणि रोस्किल्ड हे व्हायकिंग जहाजांच्या संग्रहालयाचं गाव. त्यामुळे सात वर्षांच्या मुलीने ही थीम निवडली यात आश्चर्य नव्हतं. शिवाय तिने 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन' किती वेळा पाहिलाय याची मोजदाद घरात कुणी ठेवलेली नाही.

सोमवारी ऑफिसनंतर मी पुठ्ठे, कटर, गोंद आणि रंग घेऊन त्यांच्या घरी पोचलो. पहिला टोप करायला घेतला. डोक्यात चित्र पक्कं होतं: गोल टोप, दोन्ही बाजूंना बैलासारखी शिंगं. व्हायकिंग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येतं तेच. शिंगं कापत होतो तेव्हा भाची शेजारी येऊन बसली. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, त्रेल काय काम करतात?"

'त्रेल' हा डॅनिश शब्द मला माहीत नव्हता. फोनवर शोधला. त्रेल म्हणजे व्हायकिंगांच्या घरातला गुलाम.

"कुठे ऐकलास हा शब्द?"

वर्गातल्या एका मुलाने सांगितलं होतं. पार्टीत कोण कोण काय होणार याची वाटणी मुलांनी मधल्या सुट्टीत करून टाकली होती. तो म्हणाला, व्हायकिंगांचे केस सोनेरी असतात, तुझे काळे आहेत, तर तू त्रेल हो. तिने हे रडत सांगितलं नाही. तिला खरोखरच कामाची माहिती हवी होती, कारण तिला वाटत होतं की तिच्याच वाढदिवसाला तिला ते काम करायचंय.

ताई ओट्याशी पोळ्या करत होती. तिचा हात थांबला. मी शिंगं खाली ठेवली आणि त्या आठवड्यात जेवढं वाचता आलं तेवढं वाचून काढलं. हा लेख त्यातूनच झाला.

*

सुरुवात शिंगांपासून करू, कारण ती हातात होती.

व्हायकिंग युगाची सुरुवात साधारणपणे इ.स. ७९३ पासून धरतात. त्या वर्षी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी लुटला. शेवट धरतात १०६६ मध्ये, नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्डराडा इंग्लंडमध्ये लढाईत पडला तेव्हा. या पावणेतीनशे वर्षांतला शिंगांचा एकही टोप आजवर सापडलेला नाही.

टोप मुळातच फार कमी सापडलेत. त्यांतला सगळ्यात प्रसिद्ध नॉर्वेतल्या येर्मुंडबू या ठिकाणचा. १९४३ मध्ये तिथल्या एका शेतातल्या दफनाच्या टेकाडात लोखंडाचे तुकडे मिळाले. ते जुळवल्यावर तयार झाला दहाव्या शतकातला एक गोल टोप. डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी कड, मधून नाकावर उतरणारी पट्टी, वर चार पत्रे एकमेकांना जोडून केलेला घुमट. दुसरा इंग्लंडमधल्या यार्म गावी १९५०च्या दशकात पाइपलाइनसाठी खोदताना मिळाला. तो दहाव्या शतकातलाच आहे हे मात्र २०२० मध्ये नक्की झालं. दोन्हींना शिंगं नाहीत, आणि लढणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. टोप गोल असतो तो तलवारीचा वार घसरून जावा म्हणून. त्याला शिंग लावलं तर तलवार अडकायला आयती जागा मिळते.

मग शिंगं आली कुठून?

शिंगांचे टोप डेन्मार्कमध्ये सापडलेत, हे खरं आहे. १९४२ मध्ये वेक्सो गावाजवळच्या दलदलीत दोन मिळाले. कांस्याचे, लांब वळणदार शिंगांचे, पुढून डोळे आणि चोच असलेले. कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात मी ते पाहिलेत, आणि पहिल्यांदा पाहिले तेव्हा मलाही ते व्हायकिंगांचेच वाटले होते. पण ते इ.स.पूर्व ९०० च्या आसपासचे आहेत, म्हणजे व्हायकिंगांच्या सतराशे वर्षं आधीचे. आपल्यापासून सातवाहन जितके लांब आहेत, साधारण तितके व्हायकिंगांपासून हे टोप लांब.

व्हायकिंगांच्या डोक्यावर शिंगं पक्की बसवली ती एकोणिसाव्या शतकातल्या रंगभूमीने. १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइट गावी रिचर्ड वाग्नरच्या चार ऑपेरांची मालिका पहिल्यांदा सलग सादर झाली. तिचा विषय जुन्या जर्मन आणि नॉर्स दंतकथांचा, आणि त्यात ड्रॅगनही होता. वेशभूषा होती कार्ल एमिल डोप्लर या चित्रकाराची. त्याने काही पात्रांच्या टोपांना शिंगं लावली. शिंगांचे आणि पंखांचे टोप चित्रांत त्याआधीही दिसतात, पण या ऑपेराची कीर्ती युरोपभर पसरली आणि तिच्याबरोबर शिंगंही. पुढच्या काही दशकांत ती मुलांच्या पुस्तकांत, जाहिरातींत आणि अखेर सिनेमात जाऊन बसली. म्हणजे मी ताईच्या स्वयंपाकघरात कापत होतो तो ऑपेराचा पोशाख होता.

आता ते शतक काय होतं हेही बघा. स्वीडनने १८०९ मध्ये फिनलंड गमावला. डेन्मार्कच्या हातून १८१४ मध्ये नॉर्वे गेला, आणि १८६४ च्या युद्धात श्लेस्विग आणि होल्श्टाइन हे प्रांतही. नॉर्वे स्वीडनच्या राजाखाली होता आणि त्याला स्वतःचं राज्य हवं होतं. जर्मनी तर नुकता कुठे एक होत होता. प्रत्येकाला एका दणकट पूर्वजाची गरज होती. स्टॉकहोममध्ये १८११ मध्ये जुन्या नॉर्स गोष्टींचा गौरव करणारी मंडळी जमली, कविता झाल्या, चित्रं झाली. धर्मगुरूंच्या जुन्या नोंदींतले 'लुटारू' हळूहळू 'वीर' होऊ लागले. उंच, सोनेरी केसांचे, निळ्या डोळ्यांचे, आणि शुद्ध रक्ताचे.

शेवटची गोष्ट पुढे फार महागात पडली. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी नॉर्वे आणि डेन्मार्क व्यापले तेव्हा तिथल्या तरुणांना भरती करायला व्हायकिंग जहाजांची पोस्टर छापली. एसएसच्या एका डिव्हिजनचं नावच 'वीकिंग' होतं. म्हणजे येर्मुंडबूचा खरा, शिंगं नसलेला टोप जमिनीतून वर आला त्या वर्षी नॉर्वे नाझींच्या ताब्यात होता, आणि गावोगाव भिंतींवर खोटा व्हायकिंग चिकटवलेला होता.

मधल्या सुट्टीतल्या त्या सात वर्षांच्या पोराला यातलं काही माहीत नसणार. त्याने जे बोललं ते कुठल्या तरी चित्रातून उचललं असेल, जसं मी शिंग उचललं. माझं शिंग आणि त्याचे सोनेरी केस, दोन्ही एकाच दुकानातला माल होता.

*

पण 'खोटं आहे' एवढं म्हणून मुलीचं समाधान होत नाही. तिला विचारायचं होतं ते सरळ होतं. काळ्या केसांचे व्हायकिंग होते का?

होते. २०२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. युरोपभरच्या आणि ग्रीनलंडमधल्या दफनांतल्या ४४२ प्राचीन माणसांचा डीएनए त्यात तपासला होता, त्यांतली बरीच व्हायकिंग काळातली. निष्कर्ष असा की व्हायकिंग एकसाची नव्हते. दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेलं रक्त त्यांच्यात होतं, आणि गडद केसांचं प्रमाण आपल्या समजुतीपेक्षा बरंच जास्त होतं. मला सगळ्यात आवडला तो ऑर्कनी बेटांवरचा नमुना. तिथे दोन माणसं व्हायकिंग पद्धतीने, व्हायकिंग तलवारींसह पुरलेली होती. त्यांचा डीएनए मात्र आजच्या आयरिश आणि स्कॉटिश लोकांशी जुळणारा निघाला. व्हायकिंग घरात जन्माला न येताही ती व्हायकिंग म्हणून जगली आणि तशीच पुरली गेली.

जुन्या नॉर्स भाषेत 'व्हायकिंगवर जाणं' असा प्रयोग आहे, आपण 'मोहिमेवर जाणं' म्हणतो तसा. शेती करायची, मासे धरायचे, आणि उन्हाळ्यात काही जण व्हायकिंगवर निघायचे. बहुतेक स्कँडिनेव्हियन लोक आयुष्यात कधी लुटीला गेले नाहीत.

मुली होत्या का, हा तिचा पुढचा प्रश्न. स्वीडनमधल्या बिर्का या व्यापारी गावात १८७८ मध्ये एक कबर उकरली गेली. तलवार, कुऱ्हाड, बाण, दोन ढाली, दोन घोडे, आणि पटावरच्या एका खेळाच्या सोंगट्या. एवढी शस्त्रं म्हणजे पुरुष योद्धा, असं सव्वाशेहून जास्त वर्षं सगळ्यांनी धरून ठेवलं. २०१७ मध्ये हाडांचा डीएनए तपासला तर ती बाई निघाली. ती स्वतः लढायची का, यावर अभ्यासकांचे वाद चालू आहेत. भाचीने वाद बाजूला ठेवले आणि तलवार घेतली.

एक गोष्ट मी तिला प्रामाणिकपणे सांगितली. हजार वर्षांपूर्वी रोस्किल्डमध्ये आपल्यासारखी माणसं दिसली असती असं समजायला काही आधार नाही. पण आपल्याकडच्या वस्तू इथवर पोचल्या होत्या. नॉर्वेतलं गोकस्टाड जहाज १८८० मध्ये उकरलं तेव्हा त्यात पुरलेल्या माणसाबरोबर घोडे आणि कुत्री होती, आणि मोरसुद्धा. मोर हा मुळात भारतीय उपखंडातला पक्षी. किती हातांतून फिरत तो त्या थंडीत गेला असेल कोण जाणे. स्वीडनमधल्या हेल्गो बेटावर १९५० च्या दशकात एक छोटी कांस्याची बुद्धमूर्ती मिळाली. वीतभरसुद्धा नाही, जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. ती सहाव्या शतकाच्या सुमाराची, उपखंडाच्या वायव्येकडच्या स्वात खोऱ्याच्या बाजूची मानतात.

"म्हणजे मोराला बोटीत जागा होती," ती म्हणाली. मग तिने ढालीच्या चित्रांच्या यादीत मोर लिहिला.

*

मंगळवारपासून आम्ही खऱ्या मापाने कामाला लागलो. तुम्हाला कधी अशी पार्टी करायची वेळ आली तर हे उपयोगी पडेल.

टोप: डोक्याभोवती पुठ्ठ्याची पट्टी, वर एकमेकींना छेदणाऱ्या दोन कमानी, मधल्या चार जागांत चार तुकडे. पुढे चष्म्याच्या आकाराची कड. चंदेरी रंग दिला की झाला येर्मुंडबू. चष्मा लावणाऱ्या मुलांना तो भलताच आवडतो.

ढाल: गोकस्टाड जहाजावर ६४ ढाली होत्या, प्रत्येक बाजूला ३२, एक पिवळी एक काळी अशा ओळीने. खऱ्या ढाली पातळ लाकडी फळ्यांच्या, आणि सात वर्षांच्या मुलाला हनुवटीपर्यंत झाकतील एवढ्या. मधोमध भोक, त्यावर लोखंडी वाटी, आणि वाटीच्या आत मूठ. म्हणजे हात वाटीच्या पोकळीत सुरक्षित राहतो. आम्ही गोल पुठ्ठ्याला मधोमध भोक पाडून कागदी वाटी उलटी चिकटवली. मागे मूठ म्हणून लाकडी पट्टी. मूठ अशी का, हे मुलांना एकदा दाखवलं की ती ढाल बरोबर धरतात.

जहाज: याचा नमुना चालत जाण्याच्या अंतरावर होता. रोस्किल्डच्या खाडीत स्कुल्देलेव्ह गावाजवळ अकराव्या शतकात, शत्रूची वाट अडवायला, जुनी जहाजं दगड भरून मुद्दाम बुडवली होती. १९६२ मध्ये त्यांच्याभोवती बांध घालून, पाणी उपसून, ती बाहेर काढली. पाच निघाली. त्यांतलं सगळ्यात लांब, सुमारे तीस मीटरचं युद्धजहाज ज्या ओकच्या लाकडाचं आहे त्याची वार्षिक वलयं तपासली तेव्हा कळलं की ते १०४२ च्या सुमारास आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या परिसरात बांधलेलं होतं. संग्रहालयाने जुन्या पद्धतीच्या हत्यारांनी त्याची प्रतिकृती बांधली आणि २००७ मध्ये साठेक माणसं ती रोस्किल्डहून डब्लिनला घेऊन गेली.

बांधणीची युक्ती पुठ्ठ्यातही चालते. फळ्या एकमेकींच्या कडेवर थोड्या चढवायच्या, कौलांसारख्या, आणि जिथे चढतात तिथे लोखंडी रिबिटांनी जोडायच्या. आधी बाहेरचं कवच, आतले आधार नंतर. त्यामुळे जहाज हलकं होतं आणि लाटेबरोबर थोडं लवतं. आम्ही फर्निचरच्या खोक्यांच्या लांब पट्ट्या कापल्या आणि मागे दोन पाय उघडणाऱ्या पितळी पिनांनी जोडल्या. पहिली पट्टी सरळ लावली तर जहाज दिसेना, नुसतं खोकं दिसत होतं. दाजी म्हणाले, "टोकांना वर उचल." उचलली आणि एकदम जहाज झालं.

आता ड्रॅगन. या मुलांना ड्रॅगन माहीत आहे तो पाळीव. ब्रिटिश लेखिका क्रेसिडा कॉवेलचं पुस्तक २००३ मध्ये आलं, त्यावरचा सिनेमा २०१० मध्ये, आणि व्हायकिंगच्या पोराची ड्रॅगनशी दोस्ती झाली. खऱ्या व्हायकिंगांच्या गोष्टींतला ड्रॅगन असा नव्हता. त्यांचा फाफ्नीर हा मूळचा माणूस. सोन्याच्या हव्यासाने त्याने बापाला मारलं, सोनं घेऊन बसला आणि बसल्या बसल्या ड्रॅगन झाला. सिगुर्डने खड्ड्यात लपून त्याला मारलं. स्वीडनमध्ये रामसुंड इथे एका खडकावर ही सगळी गोष्ट कोरलेली आहे. ड्रॅगनचं लांब शरीर म्हणजेच कडेची पट्टी, आणि त्या पट्टीच्या आत अक्षरं. गंमत म्हणजे अक्षरांत सिगुर्डचा उल्लेखच नाही. सिग्रिड नावाच्या बाईने आपल्या नात्यातल्या मृत माणसाच्या आत्म्यासाठी पूल बांधला, एवढंच त्यात लिहिलंय.

जहाजांवरची ड्रॅगनची लाकडी डोकी जवळपास सगळी कुजून गेली. डेन्मार्कमधल्या लाडबी इथल्या दफनात तर अख्खं जहाज कुजलेलं होतं. मातीत उरला होता त्याचा ठसा, सुमारे दोन हजार रिबिटं आणि पुढच्या टोकापाशी लोखंडाच्या गोल गोल वेटोळ्या. त्या ड्रॅगनच्या आयाळीच्या होत्या. डोकं गेलं, केस राहिले.

आणि ही शेवटची माहिती, जिच्यावर आमची पार्टी उभी राहिली. आइसलंडच्या जुन्या कायद्यात एक कलम होतं. जमीन दिसू लागली की जहाजावरचं जबडा वासलेलं डोकं काढून ठेवायचं, म्हणजे त्या भूमीचं रक्षण करणाऱ्या देवता घाबरणार नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर गावाच्या वेशीवरच्या क्षेत्रपालाला दचकवू नका.

म्हणजे ड्रॅगनचं डोकं काढता-घालता यायला हवं. पुठ्ठ्याला खाच पाडली, डोक्याला जीभ ठेवली. माझ्या आयुष्यातलं हे पहिलंच हार्डवेअर.

*

इतकं सगळं झालं तरी 'त्रेल'चा प्रश्न राहिलाच होता. मी तो टाळत होतो.

ताईने खेळ ठरवले होते, त्यांत एक होता 'मठावर हल्ला'. एका टेबलावर चॉकलेटची सोन्याची नाणी, मुलांनी जहाजातून यायचं आणि लुटायची. इंटरनेटवर असल्या पार्टीच्या याद्यांमध्ये हा खेळ सर्रास असतो. पण त्या लुटीत नुसती नाणी नव्हती. आयर्लंडच्या वृत्तान्तांत ८२१ सालची नोंद आहे. डब्लिनजवळच्या किनाऱ्यावरून व्हायकिंगांनी मोठ्या संख्येने बायका पकडून नेल्या. पुढे डब्लिन हा गुलामांचा मोठा बाजार झाला. पकडलेल्यांमध्ये आयरिश होते, स्लाव्ह होते, शेजारच्या गावातले स्कँडिनेव्हियनही होते. त्यांच्या केसांचा रंग कुणी पाहत नव्हतं. जो हाताला लागला तो त्रेल.

साताऱ्यात लहानपणी आम्ही दर दिवाळीला किल्ला करायचो. दगड, माती, वर पोतं, त्यावर अळीव पेरायचं. मावळे मांडायचे. दरवाजा कुठे, बुरूज कुठे, पाण्याचं टाकं कुठे, हे मला कुठल्याही धड्याने शिकवलं नाही, त्या चिखलाने शिकवलं. पण मातीच्या बाजारात जे चित्र मिळायचं तेच आम्ही मांडायचो. गडाच्या पायथ्याच्या गावातली, धान्य वर वाहून नेणारी, वेठीला धरलेली माणसं आमच्या किल्ल्यावर कधीच नव्हती, कारण त्यांची चित्रंच विकायला नसायची. हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी, डेन्मार्कमध्ये, भाचीसाठी पुठ्ठा कापताना सुचलं.

बुधवारी रात्री मी तिला सांगितलं. त्रेल म्हणजे आपल्या घरातून पळवून आणलेली माणसं. ती शेतात राबायची, गुरं बघायची, दळायची. आणि जहाजाचं शीड लोकरीचं असायचं. शंभर चौरस मीटरहून मोठ्या शिडाला किती सूत लागेल, विचार कर. ते हाताने, चातीवर कातायचं. कातणाऱ्यांत कितीतरी त्रेल असणार. त्यांच्याशिवाय जहाज किनाऱ्यावरच उभं राहिलं असतं. त्यांची नावं दगडांवर कुणी कोरली नाहीत.

ती ऐकत होती. मग विचारलं, "व्हायकिंग चांगले होते की वाईट?"

मी म्हणालो, "जहाज बांधणारे चांगले होते."

"आणि आत बसलेले?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिला ते कळलं. ती म्हणाली, "मग माझ्या पार्टीत कुणीच त्रेल नाही. वल्ही सगळ्यांनी मारायची." ताईने हल्ल्याचा खेळ यादीतून काढला. त्याच्या जागी सोंगट्यांचा पट आला. मध्ये राजा, भोवती त्याचे रक्षक, आणि चारी कडांना दुप्पट शत्रू. राजाला निसटायचंय, शत्रूंनी त्याला घेरायचंय. व्हायकिंगांच्या या खेळाचा एक धाकटा भाऊ, नऊ बाय नऊ घरांचा, कार्ल लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७३२ मध्ये लॅपलंडच्या प्रवासात नोंदवून ठेवला, म्हणून तो आज खेळता येतो.

*

गुरुवारी अक्षरं केली. व्हायकिंगांची रून लिपी सोळा चिन्हांची. आधीच्या लिपीत चोवीस होती, व्हायकिंग काळात ती कमी झाली. सोळा म्हणजे बरोबर चार बिट, हे पाहून मला उगाच आनंद झाला. पण चिन्हं कमी केल्याची किंमत असते. 'क' आणि 'ग' एकाच चिन्हाने, 'त' आणि 'द' एकाच, 'ब' आणि 'प' एकाच. भाचीच्या मराठी नावाचे त्यात जे हाल झाले, तेच तिच्या डॅनिश मित्रांच्या नावांचेही झाले. लिपीने सगळ्यांना सारखंच वागवलं. रेषा उभ्या आणि तिरक्या, आडव्या जवळपास नाहीत, कारण लाकडाच्या धाग्याबरोबर कोरलेली रेष दिसत नाही.

चिन्हं निवडताना जरा जपून. नाझींनी काही रून उचलून आपल्या गणवेशावर लावले, त्यामुळे इंटरनेटवरून कुठलंही 'व्हायकिंग चिन्ह' उचलून मुलांच्या टी-शर्टवर छापू नये. आम्ही फक्त नावं लिहिली.

तुमच्या फोनवर आत्ता दोन रून आहेत. ब्लूटूथचं चिन्ह पाहा. डेन्मार्कचा दहाव्या शतकातला राजा हाराल्ड, त्याचं टोपणनाव 'निळा दात'. त्याच्या नावाची आद्याक्षरं, 'ह' आणि 'ब' यांचे रून, एकमेकांवर ठेवले की ते चिन्ह होतं. हाराल्डने वेगवेगळे प्रदेश एका छत्राखाली आणले, तसं हे तंत्र वेगवेगळी उपकरणं जोडेल, या कल्पनेने इंटेलमधल्या जिम कार्डाक या इंजिनीअरने १९९७ मध्ये हे नाव सुचवलं. शनिवारी चौदा मुलांना हे सांगितल्यावर आठ जणांनी आपापल्या आईबापांचे फोन मागितले.

*

शनिवारी ऊन होतं. मागच्या अंगणात जहाज उभं राहिलं, दोन्ही बाजूंना पिवळ्या-काळ्या ढाली, त्यात एकीवर मोर. तो सोनेरी केसांचा मुलगाही आला. टोप हातात घेऊन त्याने उलटसुलट पाहिला आणि तक्रार केली, "शिंगं कुठायत?" भाचीने त्याला वेक्सो, सतराशे वर्षं, ऑपेरा, सगळं एका दमात सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मग ड्रॅगनचं डोकं मी धरू?" तिने थोडा विचार केला, आणि दिलं.

केक ड्रॅगनचा होता. डेन्मार्कमध्ये मुलांच्या वाढदिवसाला माणसाच्या आकाराचा केक करतात, आणि त्याचा गळा कापताना सगळी मुलं जिवाच्या आकांताने किंचाळतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरलो होतो. या वेळी गळा ड्रॅगनचा होता, आणि किंचाळण्यात मीही होतो.

नॉर्वेतल्या ओरलंड इथे काही वर्षांपूर्वी एका कोरड्या विहिरीत लाकडाची छोटी बोट मिळाली. सुमारे हजार वर्षं जुनी, टोक वर उचललेलं, मध्ये डोलकाठीसाठी भोक. कुणीतरी कुणा मुलासाठी वेळ काढून कोरलेली. पुठ्ठ्याचं जहाज हजार वर्षं टिकणार नाही. रविवारच्या पावसात त्याचं लगद्यात रूपांतर झालं आणि सोमवारी दाजींनी ते रिसायकलिंगच्या डब्यात भरलं.

डोकं मात्र आत आहे. पार्टीच्या शेवटी जहाज घराच्या दाराशी 'पोचलं' तेव्हा भाचीने सगळ्यांना थांबवलं होतं. आधी डोकं काढायचं, मगच आत यायचं. ते त्या मुलाच्याच हातात होतं, त्याने काढून तिला दिलं. आता ते चपलांच्या कपाटावर, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं असतं. परवा गेलो तेव्हा पाहिलं, तर सोमवारी मी कापून टाकलेली ती दोन शिंगं तिने त्याच्या कपाळाला चिकटवली आहेत.

"मामा, ड्रॅगनला असतात," ती म्हणाली.